म्युझियममध्ये 'माणसं' मांडतात तेव्हा पाटी कोण लिहितं?

फ्लशिंगकर | रविवार, १० नोव्हेंबर २०२४, ०८:१५

काल लेकीला घेऊन मॅनहॅटनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमला गेले होते. ती चौथीत आहे. इथे चौथीला न्यूयॉर्कच्या मूळ रहिवाशांचा धडा असतो आणि त्यात हॉडेनोशोनी लोकांचं लाँगहाउस येतं. झाडाच्या सालीनं शाकारलेलं लांबलचक घर, एका छपराखाली पाच-सहा बिऱ्हाडं. आपली चाळच म्हणा, फक्त आडवी. तिला त्याचं चित्र काढून न्यायचं होतं. मीच शहाणपणा केला, "पुस्तकातून कशाला उतरवतेस, चल, तिथे बघून काढ." पंधरा वर्षांपूर्वी नव्यानं इथे आले तेव्हा तिथली दालनं पाहिली होती. घरांची छोटी मॉडेल्स, बर्चच्या सालीची होडी हे सगळं डोळ्यांसमोर होतं.

तिसऱ्या मजल्यावर पोचलो तर दालन बंद.

जानेवारीत ही बातमी मी वाचली होती आणि साफ विसरले होते. अमेरिकेत १९९० चा एक कायदा आहे. मूळ रहिवाशांच्या कबरींतून काढलेल्या अस्थी आणि त्यांच्या पवित्र वस्तू त्या त्या जमातींना परत करा, असं तो सांगतो. तीस वर्षं म्युझियमवाल्यांनी त्यात बऱ्याच पळवाटा काढल्या. १२ जानेवारी २०२४ पासून नवे नियम लागू झाले: अशी वस्तू मांडायची असेल तर आधी त्या जमातीची संमती घ्या. महिना संपायच्या आत या म्युझियमने दोन मोठी दालनं बंद केली, म्हणजे जवळजवळ १०,००० चौरस फूट जागा. शिकागोच्या फील्ड म्युझियमने काही कपाटं झाकून टाकली.

मग चित्राचं काय करायचं म्हणून खाली आलो. पहिल्या मजल्यावर १९३९ सालचा एक देखावा आहे, जुन्या न्यूयॉर्कचा. डच गव्हर्नर पीटर स्टायव्हसंट आणि त्याला भेटायला आलेले लेनापे, म्हणजे इथले मूळ रहिवासी. मागे पवनचक्की. डच मंडळी नखशिखांत कपड्यांत आणि लेनापे जवळजवळ उघडे. बायका मागच्या बाजूला, माना खाली, पाठीवर ओझी. हा देखावा त्यांनी काढला नाही. २०१८ मध्ये काचेवरच मोठमोठ्या अक्षरांत मजकूर चिकटवला. राजकीय बोलणी करायला आलेले लोक असे लंगोटीवर आले नसते, उंची वस्त्रं घालून आले असते. बायकाही त्यांच्यात पुढारी होत्या. अशा एकेक चुका म्युझियमनं स्वतःच मांडल्यात. लेकीनं लाँगहाउस सोडून तेच चित्र काढलं, काचेवरच्या अक्षरांसकट. बाईंना चालेल का, माहीत नाही.

येताना बसमध्ये डोक्यात एकच घोळत होतं. ग्रीकांची भांडी सेंट्रल पार्कच्या पलीकडे मेट्रोपॉलिटनमध्ये, 'कला' म्हणून. इथल्या मूळ लोकांची भांडी पार्कच्या अलीकडे, हत्ती आणि देवमाशाच्या शेजारी. ही वाटणी कोणी केली? आणि दुसऱ्या मजल्यावर 'आशियातले लोक' असंही दालन आहे बरं का. म्हणजे देवमाशाच्या शेजाऱ्यांत आपणही आलो.

तुम्ही असं काही पाहिलंय का? विशेषतः काचेआड आपलीच माणसं असताना?

---

खवचट_काका | १० नोव्हेंबर २०२४, ११:०२

म्हणजे कायदा चांगला, म्युझियम चांगलं, तुम्ही चांगल्या आणि पोरीचं चित्र अपुरं. वा.

उद्या कोणीही उठून म्हणेल आमच्या भावना दुखावल्या, झाका. मग उरणार काय, डायनासोर? त्यांचे वारस अजून कोर्टात गेलेले नाहीत म्हणून.

---

सदाफुली_सातारा | १० नोव्हेंबर २०२४, ११:४०

वाघनखं आली की हो साताऱ्याला! जुलैमध्ये रांगेत उभं राहून बघितली. तीन वर्षांसाठीच दिलीत म्हणे लंडनने. ती कायमची ठेवून घेण्याबद्दल कोणी का बोलत नाही?

---

फ्लशिंगकर | १० नोव्हेंबर २०२४, १९:२०

सदाफुली, त्यावर वेगळा धागा काढा ना, मीही येते तिथे. इथे वस्तू कोणाची यापेक्षा माणूस कसा दाखवला यावर बोलू.

काका, 'भावना' म्हणून सोडून देऊ नका. याच म्युझियममधली गोष्ट सांगते. १८९७ मध्ये रॉबर्ट पिअरी हा उत्तर ध्रुवाचा शोधक ग्रीनलंडहून सहा इनुइट माणसं बोटीत घालून न्यूयॉर्कला घेऊन आला. अभ्यासासाठी! त्यांना म्युझियमच्या इमारतीत ठेवलं. काही महिन्यांत चौघं क्षयानं गेली. त्यात किसुक नावाचा माणूस होता. त्याचा मुलगा मिनिक सात-आठ वर्षांचा. मुलासमोर वडिलांना पुरल्याचं नाटक केलं. पुरलं काय, तर कापडात गुंडाळलेला ओंडका. बापाचा सांगाडा म्युझियमच्या संग्रहात गेला. मुलाला हे मोठेपणी कळलं. सांगाडा परत मागत मागत तो १९१८ मध्ये गेला. चौघांच्या अस्थी ग्रीनलंडला पोचल्या १९९३ मध्ये.

गेल्या वर्षी याच म्युझियमने सांगितलं की त्यांच्याकडे सुमारे १२,००० माणसांचे अवशेष आहेत आणि मांडलेले सगळे ते काढून घेणार. त्या बारा हजारांतल्या कोणाकोणाची मुलं असतील की नाही?

---

टेबल_माउंटन | सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४, ०१:१५

कंपनीच्या कामासाठी केपटाउनला सहा वर्षं होतो, म्हणून लिहितोय.

तिथल्या साउथ आफ्रिकन म्युझियममध्ये 'बुशमन डायोरामा' म्हणून देखावा होता. सान, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, ज्यांना गोरे 'बुशमन' म्हणत, त्यांचा तळ: कोणी शिकारीला निघालंय, कोणी विस्तवापाशी बसलंय, मागे कारूचं रखरखीत माळरान. लोकांची फार आवडती जागा होती म्हणे. शाळांच्या सहली यायच्या. त्यातले पुतळे कल्पनेनं घडवलेले नव्हते. १९०७ ते १९२४ या काळात जेम्स ड्रुरी नावाच्या माणसाने जिवंत लोकांच्या उघड्या अंगावर प्लॅस्टर लावून साचे काढले. ही जमात नामशेष होणार, तेव्हा नमुने घेऊन ठेवा, अशी डायरेक्टरसाहेबांची कल्पना. नामशेष का होत होती, तर गोळ्या घातल्या आणि जमिनी काढून घेतल्या म्हणून. ते पाटीवर नव्हतं. पुढे १९६० मध्ये ते पुतळे या देखाव्यात बसवले.

फ्लशिंगकर म्हणतात ती पार्कच्या अलीकडची-पलीकडची वाटणी तिथे तर ठसठशीत होती. गोऱ्यांचं फर्निचर, चांदीची भांडी, कपडे हे सगळं साठच्या दशकात उचलून दुसऱ्या इमारतीत नेलं आणि तिला 'सांस्कृतिक इतिहासाचं' म्युझियम म्हटलं. काळी माणसं राहिली मागे, भुस्सा भरलेल्या प्राण्यांसोबत. त्यातली मेख म्हणजे ती दुसरी इमारत एके काळी गुलामांना कोंडायची जागा होती. आता तिचं नाव 'स्लेव्ह लॉज' आहे आणि आत गुलामगिरीचाच इतिहास आहे.

२००१ मध्ये देखाव्यासमोर फळ्या ठोकल्या. मी गेलो तेव्हा तो बंदच होता, मी फक्त फोटो पाहिलेत. पण काका, तुमच्या मुद्द्याच्या बाजूचीही एक गोष्ट तिथेच ऐकली. सान आणि खोइ वंशाच्या सगळ्यांनाच तो बंद झाल्याचा आनंद झाला नव्हता. काहींचं म्हणणं, अख्ख्या शहरात आमच्या पोरांना आमचं काही दाखवायचं तर तेवढी एकच जागा होती, तीही गेली.

आणि चांगल्या हेतूनं केलेलंही फसतं. १९९६ मध्ये केपटाउनच्याच नॅशनल गॅलरीत एका गोऱ्या चित्रकर्तीने या सगळ्या अत्याचारावर प्रदर्शन मांडलं होतं. साचे, खोकी, बंदुका, सगळं उघडं करून दाखवलं. जमिनीवरच्या फरशांवर जुने फोटो छापले होते, हेतू असा की चालणाऱ्याला आपण काय तुडवतोय ते कळावं. खोइसान मंडळी आली आणि म्हणाली, आमच्याच पूर्वजांवर आम्हाला चालायला लावता?

---

बोरीबंदर | ११ नोव्हेंबर २०२४, १०:३०

परदेशात कशाला जायचं? भायखळ्याला उतरा.

राणीच्या बागेच्या दारातच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ चं, तेव्हा व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट. ९९ टक्के लोक पेंग्विन बघून परत जातात आणि हिरव्या-सोनेरी रंगाची ही देखणी इमारत बाहेरूनच बघतात. मी चित्रकला शिकवायचो, दरवर्षी पोरं घेऊन जायचो. (म्युझियम प्राणिसंग्रहालयाला लागून, हे फ्लशिंगकरांच्या देवमाशाशी जुळतं की नाही बघा!)

वरच्या मजल्यावर मातीच्या बाहुल्या आहेत. इथल्या निरनिराळ्या समाजांचे नमुने, बाया-बुवे, नेसण्याची तऱ्हा, दागिने, हातात धंद्याचं अवजार. आणि पगड्या! मातीची मुंडकी आणि प्रत्येकावर वेगळं पागोटं. पारशी, बोहरी, कोणाची चक्री, कोणाचा फेटा. पगडीवरून माणूस ओळखायचा. यातलं बरंच काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. तेव्हा जे. जे. कलाशाळेचे प्रिन्सिपल सेसिल बर्न्स हेच क्युरेटर होते. हात आपल्या कारागिरांचे, यादी साहेबाची.

आता मी यात दोन्हीकडून सापडतो. कारागिरी म्हणाल तर काय सांगू! बोटभर उंचीच्या मनगटावर बांगड्या मोजता येतात. मुलांना मी तासन् तास त्यांचे हात बघायला लावायचो. पण एकदा आठवीतल्या एका मुलानं मला विचारलं, "सर, आमचा कुठला?" त्याला आपल्या जातीची बाहुली हवी होती. मी शोधल्यासारखं केलं आणि म्हटलं, जेवायची वेळ झाली. बावीस वर्षं झाली त्याला.

---

रानजाई | ११ नोव्हेंबर २०२४, २२:४८

बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते.

मी वारली आहे, गाव जव्हारकडे. कॉलेजच्या सहलीत आम्हाला एका सरकारी संग्रहालयात नेलं होतं, नाव सांगत नाही. आदिवासी विभागात काचेच्या पेटीत एक इरलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पळसाची पानं, डोक्यावरून पाठीवर येतं. लावणीला वाकलं की पाऊस पाठीवरून घसरतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात, छत्रीनं ते जमत नाही. खाली पाटी होती, "या जमातीचे लोक पावसापासून बचावासाठी हे साधन वापरत असत."

वापरत असत.

त्याच जूनमध्ये माझी आजी इरलं घेऊन आवणाला, म्हणजे भाताच्या लावणीला, गेली होती. पानांच्या वरून आता निळा प्लॅस्टिकचा कागद असतो, एवढाच फरक. सोबतच्या मुली मला म्हणाल्या, "अगं, तुमच्यात पूर्वी असं असायचं ना?" मी हो म्हणाले. का म्हणाले, कोण जाणे.

शेजारी बाई-पुरुषाची जोडी उभी केली होती, प्लॅस्टरची. पाटीवर "वारली स्त्री", "वारली पुरुष". बाहेर आवारात मोठमोठ्या लोकांचे पुतळे होते. त्यांना नावं होती, जन्म-मृत्यूची सालं होती. आमच्यातल्याला नाव नाही, फक्त जमात. चित्रांचंही तेच. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली म्हणून एक नाव तरी लोकांना ठाऊक. बाकी हॉटेलच्या भिंतीपासून साडीच्या पदरापर्यंत सगळं नुसतंच "वारली".

बोरीबंदर सर, त्या मुलाला बाहुली सापडली असती तरी त्याला बरं वाटलं असतं असं नाही. मला माझी सापडली होती.

---

बोरीबंदर | ११ नोव्हेंबर २०२४, २३:२०

(वाचलं. उत्तर नाही माझ्याकडे.)

---

नागपुरी_तर्री | मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४, ०९:०५

रानजाई, प्रतिसाद काळजाला लागला.

भोपाळला इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय पाहा. श्यामला टेकडीवर, तलावाच्या काठी, सुमारे २०० एकर. तिथली घरं त्या त्या समाजाच्या लोकांना बोलावून त्यांच्याकडूनच बांधून घेतलीत. लाकूड-माती-गवत त्यांच्या पसंतीचं. शाकारणी आली की तेच लोक येतात. त्यामुळे तिथे 'वापरत असत' म्हणायची सोय नाही, माणूस समोर छपरावर बसलेला असतो! गुजरातेत तेजगढला 'वाचा' म्हणून संग्रहालय आहे, तेही राठवा वगैरे मंडळींना बरोबर घेऊन उभं केलेलं. भोपाळलाच शेजारी २०१३ मध्ये उघडलेलं मध्य प्रदेशचं जनजातीय संग्रहालय आहे. दिसायला तर अफाट, गोंड-भिल्ल-कोरकू कलाकारांनी केलेलं. आत फिरताना माणूस हरवतो. फक्त इतकं सगळं सुंदर बघून बाहेर आल्यावर मला प्रश्न पडला की जंगल कोणाच्या ताब्यात आहे, धरणात कोणाचं गाव गेलं, हे त्या झगमगाटात मला कुठे दिसलंच नाही. नसेल असं नाही, मला दिसलं नाही.

दुसरा मुद्दा. धाग्यात वंश-वंश चाललंय. आपल्याकडचं मूळ दुखणं जात आहे आणि तिच्याबद्दल म्युझियमं मूग गिळून बसतात. बाहुलीच्या पायात चपला आहेत की नाहीत हे दिसेल, का नाहीत ते पाटीवर येणार नाही. नागपूरजवळ चिचोलीला शांतिवनात बाबासाहेबांच्या वस्तू आहेत, कपडे, टाइपरायटर. आमच्या लोकांनी स्वतःच्या हिमतीवर जमवल्या आणि जपल्या. तिथे जाऊन बघा पाटी कशी वाचली जाते. आमची म्हातारी माणसं कोटासमोर हात जोडून उभी राहतात.

---

खवचट_काका | १२ नोव्हेंबर २०२४, ०९:५०

जात म्हणजे वंश नव्हे. गल्लत करू नका.

---

नागपुरी_तर्री | १२ नोव्हेंबर २०२४, १०:०२

हेच वाक्य २००१ मध्ये डर्बनच्या वंशभेदविरोधी परिषदेत भारत सरकार म्हणालं होतं काका. तुम्ही चांगल्या संगतीत आहात. :)

वंश नाही हे मलाही मान्य. पण जन्मावरून माणसाला कप्प्यात घालून पाटी लावायची रीत तीच आहे ना? इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, पारधी त्यातच. नमुना-बाहुली करणारा आणि कायदा करणारा, दोघांची नजर एकच. एकानं माती वापरली, दुसऱ्यानं कागद.

---

मोकाची_लेक | १२ नोव्हेंबर २०२४, १७:३३

नमस्कार सर्वांना मॉरिशसहून! माझी मराठी चुकली तर माफ करा, शाळेत शिकले, घरी क्रिओल.

आमचे पूर्वज मुंबई बंदरातून ऊस कापायला आले. पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे. २००६ पासून जागतिक वारसा आहे. तिथे सोळा दगडी पायऱ्या आहेत, बोटीतून उतरून लोक त्या चढत. प्रत्येकाला नंबर मिळत होता. मोकाला महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जुन्या वह्या आहेत. मी माझ्या खापरपणजोबांचं पान काढलं. नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण. 'खूण' मध्ये लिहिलंय: कपाळावर व्रण. गावाचं स्पेलिंग असं आहे की आम्हाला अजून ते गाव सापडलं नाही. रत्नागिरीकडचं असावं. नंतरच्या लोकांचे फोटोही आहेत, छातीशी नंबर धरलेले, चेहरा घाबरलेला. गुन्हेगाराचा फोटो काढतात तसा. आता आम्ही तो फोटो मोठा करून हार घालून घरात लावतो. रानजाई ताई, फोटो तोच आहे. सरकारकडे होता तेव्हा नंबर होता, घरी आला तेव्हा आजोबा झाला.

पण एक खरं सांगते. भारतीय लोकांचा घाट जगाच्या यादीत लवकर गेला, कारण इथे आम्ही बहुसंख्य. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांना स्वतःचं म्युझियम मिळायला खूप जास्त वर्षं लागली. आता आहे, पोर्ट लुईमध्ये जुन्या मिलिटरी हॉस्पिटलच्या इमारतीत. तिथे पाहिलेले चेहरे विसरत नाही. १८४६ मध्ये एक फ्रेंच माणूस, फ्रोबरव्हिल, मॉरिशसमध्ये पूर्वी गुलाम असलेल्या लोकांच्या चेहऱ्यावर प्लॅस्टर लावून साचे करून घेऊन गेला. मूळ पुतळे फ्रान्समध्ये ब्लोआच्या किल्ल्यात आहेत. केपटाउनसारखेच. फक्त त्या माणसाने नावं लिहून ठेवली होती. म्हणून आज खाली नाव आहे, आणि कोणत्या भागातून आणलं ते आहे. प्लॅस्टरमुळे सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत. माझी क्रिओल, म्हणजे आफ्रिकन वंशाची, मैत्रीण एकेक नाव मोठ्याने वाचत गेली. मी गप्प तिच्या मागे.

---

शनवारतेली | बुधवार, १३ नोव्हेंबर २०२४, ०२:१०

शलोम आणि नमस्कार. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. जन्म अलिबागचा, आता इस्रायलमध्ये बावन्न वर्षं. हल्लीचे दिवस बरे नाहीत, झोप येत नाही म्हणून वाचत बसलो.

जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये चार सिनेगॉगं, म्हणजे ज्यूंची प्रार्थनामंदिरं, आतून जशीच्या तशी उभी केली आहेत, इटलीचं, जर्मनीचं, सुरिनामचं आणि आपल्याकडचं कोचीनचं. कोचीनच्या सिनेगॉगचं लाकूडकाम काय आहे! छतावरची कमळं बघत मान दुखते. नातवंडांना घेऊन गेलो होतो. शेजारी एक बाई उभ्या होत्या, मला बघून म्हणाल्या, "तुम्ही कोचीनचे ना?" म्हटलं, नाही, कोकणातला. त्यांना कळेना. भारतातला ज्यू म्हणजे कोचीन असं लोकांच्या डोक्यात बसलंय. संख्येनं आम्हीच जास्त.

आता हे कसं समजवायचं की आमचे वाडवडील तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव 'शनवार तेली' म्हणायचं. घाण्यात देखणं काही नाही. मलिद्याचं ताट, हिरव्या बांगड्या, मराठीतली कीर्तनं, यातलं काचेत काय ठेवणार? आमचे लोक आधी इथे आले तेव्हा साठच्या दशकात रबाईंनी सांगितलं, यांच्या लग्नाआधी वंशावळ तपासा, हे पुरते ज्यू आहेत की नाही कळत नाही. आमच्या लोकांनी जेरुसलेमला धरणं धरलं, मग १९६४ मध्ये सरकारने जाहीर केलं की हे सर्व बाबतींत ज्यूच. मी तेव्हा अलिबागला शाळेत होतो, काकांची पत्रं यायची. ते धरणं कुठल्या पेटीत मांडलेलं मी अजून पाहिलं नाही.

पण तक्रार तरी कशी करू? कोचीनचं लाकूड इथे आलं, कारण माणसं इथे आली आणि तिथे प्रार्थनेला कोणी उरलं नाही. आमचं अलिबागचं मागेन अबोथ अजून उघडं आहे. मुंबईचं शार हारहमीम १७९६ पासून आहे. चालू देऊळ म्युझियममध्ये कसं आणणार? नको आणायला.

---

फ्लशिंगकर | १३ नोव्हेंबर २०२४, ०७:०५

आजोबा, मोकाची_लेक, किती सुंदर लिहिलंत. सकाळी डबा भरताना वाचत होते, पोळी करपली.

---

थेम्सकाठी | १३ नोव्हेंबर २०२४, १४:४०

ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियमबद्दल थोडंसं. तिथे मांडणी समाजानुसार नाही, वस्तूच्या प्रकारानुसार आहे. जगभरची वाद्यं एकत्र, जगभरच्या होड्या एकत्र. अंधारं, खच्चून भरलेलं, इवल्या इवल्या हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या. मला स्वतःला फार आवडतं, हे कबूल करतो. २०२० मध्ये त्यांनी १२० मानवी अवशेष काचेतून काढले, दक्षिण अमेरिकेतली आक्रसवलेली मुंडकी आणि त्याबरोबर नागा लोकांच्याही कवट्या. मुंडकी काढल्यावर गावातले लोक चिडले होते, लहानपणी तीच बघायला यायचो म्हणून. आणि गेल्याच महिन्यात याच ऑक्सफर्डशायरमध्ये एका लिलावात शिंगं लावलेली नागा कवटी विक्रीला होती! नागालँडच्या मुख्यमंत्र्यांनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिलं, मग मागे घेतली. २०२४ साल आहे हे.

---

खवचट_काका | १३ नोव्हेंबर २०२४, २१:१५

ठीक आहे. मिनिकची गोष्ट वाचून गप्प बसलो होतो, आता बोलतो.

माझी हरकत सांगाड्यांना नाही. सांगाडे परत करा, त्यात वादच नाही. माझी हरकत रिकाम्या भिंतीला आहे. फ्लशिंगकरांच्या पोरीला काय कळलं? काचेवर चुका लिहिलेला देखावा बघून तिला जास्त कळलं, बंद दार बघून काहीच नाही. म्हणून म्हणतो, बाहुल्या काढू नका, मुंडकी काढा. बाहुलीशेजारी रानजाईंनी लिहिलेली पाटी लावा. "माझी आजी अजून वापरते" एवढीच.

आणि हो, नागपुरी, डर्बनचं मला माहीत नव्हतं. वाचतो.

---

रानजाई | १३ नोव्हेंबर २०२४, २२:३०

काका, पाटी लिहायला बोलावतात तेव्हा येण्या-जाण्याचं भाडं देत नाहीत. :) गंमत नाही, खरंच. एकदा एका कार्यक्रमाला 'समाजाचे प्रतिनिधी' म्हणून बोलावलं होतं, तारपा वाजवायला. मला तारपा येत नाही, माझं एम.कॉम. झालंय.

त्या संग्रहालयाला मी नंतर पत्र पाठवलं होतं, की 'वापरत असत'च्या जागी 'वापरतात' करा. पोच आली, "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे." त्यानंतर मी गेले नाही बघायला.

---

नागपुरी_तर्री | १३ नोव्हेंबर २०२४, २२:४१

जायला पाहिजे. पत्राची प्रत आहे का?

---

रानजाई | १३ नोव्हेंबर २०२४, २२:४४

आहे.

---

बोरीबंदर | गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४, ०८:००

मग आधी भायखळ्याला कट्टा करू, तिथून पुढचं ठरवू. बुधवारी संग्रहालय बंद असतं, रविवार धरा. राणीच्या बागेच्या दाराशी सकाळी दहा. बाहुल्यांचे हात मी दाखवतो, पाट्या रानजाईंनी वाचायच्या. मी वही घेऊन येतो. परगावच्यांनी फोटो मागावेत.

---

खवचट_काका | १४ नोव्हेंबर २०२४, ०८:२५

येतो. पेंग्विनसुद्धा बघायचेत, आधीच सांगून ठेवतो.

---

सदाफुली_सातारा | १४ नोव्हेंबर २०२४, ०८:५०

मी पण. साताऱ्याहून पहिल्या एसटीनं निघाले तरी दहाला पोचत नाही हो, साडेअकरा करता का?